टेमाच्या कारखान्यातलं ‘गोल्डन ट्री’: घानाचा कोको, घानाचंच चॉकलेट

माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं. घरी ऊस. लग्नाआधी मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या टेमा या बंदराच्या शहरात राहतो. गावी येताना बॅगेत ‘गोल्डन ट्री’ चॉकलेट भरपूर असतं. ते खाऊन झालं की नातेवाईक हमखास विचारतात, हे स्विस का? मी सांगते, नाही, घानाचं. मग पुढचा प्रश्न येतो, तिथे चॉकलेट बनतं? या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी चव. ‘गोल्डन ट्री’ हा टेमाच्या कोको प्रोसेसिंग कंपनीचा ब्रँड. त्यांचं सगळ्यात खपणारं मिल्क चॉकलेट म्हणजे ‘किंग्जबाइट’. वडी मोडताना खणखणीत टक् असा आवाज येतो, आणि तोंडात टाकल्यावर ती लगेच विरघळत नाही. आपल्याकडच्या मऊ, दुधाळ चॉकलेटची सवय असेल तर पहिल्यांदा ती कडक वाटेल. जरा थांबा. जिभेवर ठेवून दिलीत की आधी गोडवा येतो, मग भाजलेल्या बियांचा खमंगपणा, आणि अगदी शेवटी किंचित कडसर चव मागे उरते. ही शेवटची चव मला फार आवडते, कारण इथे दुधाने आणि साखरेने कोकोला झाकून टाकलेलं नाही. कंपनी सांगते की त्यांच्या चॉकलेटात वनस्पती तेल नसतं, स्निग्धांश कोको बटरचाच, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीचाच असतो. आपल्याकडे घरगुती चॉकलेटं करणाऱ्या बऱ्याच जणी जे ‘कंपाउंड’ वापरतात त्यात नेमकं हे कोको बटर काढून दुसरी चरबी घातलेली असते. फरक जिभेला कळतो. कंपाउंडचा टाळूवर मेणासारखा थर बसतो, किंग्जबाइटचा बसत नाही.

‘ओरँको’ हे त्यांचं संत्र्याच्या स्वादाचं चॉकलेट. माझ्या सासूबाईंना तेच लागतं. मला संत्रं जास्त वाटतं, पण ही आवडीनिवडीची बाब. मधुमेह असणाऱ्यांसाठी त्यांचं बिनसाखरेचं ‘अस्पायर’ आहे. घरात मुलं असतील तर ‘पेबल्स’ घ्या, म्हणजे चॉकलेटचं आवरण दिलेले शेंगदाणे. शेंगदाणा घानातही भरपूर पिकतो आणि रोजच्या जेवणात असतो, त्यामुळे त्यांना तो नेमका किती भाजायचा ते ठाऊक आहे.

उष्णतेचं सांगायला हवं. राजधानी आक्राच्या सिग्नलवर पोरं-पोरी डोक्यावरच्या ट्रेमध्ये ही चॉकलेटं घेऊन भर दुपारी विकतात. युरोपचं चॉकलेट तिथे अर्ध्या तासात पातळ होईल, हे टिकतं. पश्चिम आफ्रिकेचं कोको बटर मुळात जरा कठीण असतं आणि दुधाची चरबी कमी असली की वडी आणखी घट्ट राहते. आम्ही अदिस अबाबाला विमान बदलून मुंबईला उतरतो, तिथून गाडीने श्रीरामपूर. मे महिन्यातही वड्यांचा आकार शाबूत राहतो.

तर असं हे चांगलं, प्रामाणिक चॉकलेट. पण नुसत्या चवीवर मी त्याची इतकी बाजू घेतली नसती. कारण त्याच्या मागे आहे.

जगातला साधारण ६० टक्के कोको घाना आणि शेजारच्या आयव्हरी कोस्ट या दोन देशांत पिकतो. आणि चॉकलेट म्हटलं की आपल्याला स्वित्झर्लंड आणि बेल्जियम आठवतं, जिथे कोकोचं एक झाड उघड्यावर जगणार नाही. चॉकलेटच्या उद्योगाची उलाढाल १०० अब्ज डॉलरच्या वर आहे आणि एका वडीच्या किमतीतले शेतकऱ्याच्या हाती साधारण ६ टक्के पडतात असा अंदाज वारंवार दिला जातो. काम किती, तेही बघा. कोयत्याने फळं उतरवायची, फोडायची, पांढऱ्या गरासकट बिया केळीच्या पानांखाली आठवडाभर आंबवायच्या, मग बांबूच्या चटयांवर रोज हलवत उन्हात वाळवायच्या. चॉकलेटला जो वास येतो त्याची सुरुवात या आंबवण्यात होते, म्हणजे शेतकऱ्याच्या अंगणात. आंबवणं बिघडलं तर पुढे कितीही भारी मशीन असू दे, चव येत नाही. केमिस्ट म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सगळ्यात नाजूक प्रक्रिया शेतकरी करतो आणि तिला कुणी कारागिरी म्हणत नाही.

घानात कोको कसा आला त्याची गोष्ट इथलं प्रत्येक शाळकरी पोर सांगतं. टेट्टे क्वार्शी नावाचा लोहार १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून बिया घेऊन आला आणि त्याने त्या माम्पाँग-अकुआपेमला लावल्या. ती बाग आजही बघता येते, आक्राहून सकाळी निघालं की दुपारपर्यंत परत येता येतं. इंग्रजांनी मळे लावले नाहीत, लहान शेतकऱ्यांनीच स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हिमतीने जंगल साफ करून लागवड केली. घाना तेव्हा ‘गोल्ड कोस्ट’ नावाची इंग्रजांची वसाहत होती, आणि १९११ पर्यंत ती कोकोत जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. जमीन आणि झाडं शेतकऱ्यांची होती. खरेदी आणि जहाजं मात्र युरोपीय कंपन्यांची होती, आणि भाव त्याच ठरवत.

१९३७ मध्ये या कंपन्यांनी आपसात करार केला. युनायटेड आफ्रिका कंपनी त्यात होती, कॅडबरीसुद्धा होती. करार असा की एकमेकांशी स्पर्धा करायची नाही, खरेदी आपसात ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायची आणि एकच भाव द्यायचा. शेतकऱ्यांना ते कळलं आणि त्यांनी कोको विकणं बंद केलं. एक-दोन गावांनी नाही, अख्ख्या कोको पट्ट्याने. गावोगावच्या प्रमुखांनी दवंडी पिटवली की कंपनीला बी द्यायचं नाही. मधले आफ्रिकी दलाल, ज्यांचं पोट या व्यवहारावर होतं, तेही शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. जोडीला युरोपीय मालावर बहिष्कार टाकला. कापड नाही, बाकी दुकानातला माल नाही. ऑक्टोबर १९३७ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत हे चाललं. पोती घरात पडून, कर्ज डोक्यावर, आणि तरी माणसं हटली नाहीत. शेवटी लंडनहून नोवेल आयोग यावा लागला आणि त्याने खरेदी कंपन्यांच्या करारावर ठपका ठेवला.

मला हे वाचताना आमचा भाग आठवत राहिला. आमच्या हरेगावला बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यासाठी इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, आणि त्या परत मिळवण्यासाठी पुढच्या पिढ्या लढत राहिल्या. तिथून थोड्याच अंतरावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये गाळप सुरू झालं. ऊस आपला, तर साखरही आपणच करायची, हा विचार माझ्या आजोबांच्या पिढीला कुणी समजावून सांगावा लागला नाही. गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्यालाही लागला नसेल. पण त्याच्या हातात तेव्हा कारखाना आला नाही. १९४७ मध्ये सरकारी कोको मार्केटिंग बोर्ड आलं. कंपन्यांची मनमानी गेली, हे खरं. पण बोर्ड शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा खूप कमी देई आणि उरलेला पैसा लंडनमध्ये स्टर्लिंगच्या, म्हणजे ब्रिटिश पौंडांच्या रूपात ठेवला जाई. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला तो उपयोगी पडत होता.

६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. देशाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमांनी टेमा हे बंदर आणि उद्योगनगर म्हणूनच वसवलं. १९६५ मध्ये इथे कोको प्रोसेसिंगचा कारखाना उभा राहिला, तोच हा ‘गोल्डन ट्री’वाला. त्याच सुमारास एन्क्रुमांनी टेमामध्ये कोको साठवायचे प्रचंड सायलो बांधायला घेतले. हेतू सरळ होता. भाव पडला की माल रोखून धरायचा, खरेदीदाराला थांबायला लावायचं. १९३७ ला शेतकऱ्यांनी घराघरात जे केलं तेच देशाच्या पातळीवर. १९६५ मध्ये जागतिक भाव कोसळले, फेब्रुवारी १९६६ मध्ये एन्क्रुमा परदेशात असताना लष्कराने सत्ता घेतली आणि ते सायलो कधी कामाला आलेच नाहीत. काँक्रीटचे ते उंच सिलिंडर अजून उभे आहेत. एन्क्रुमांच्या चुका घानाचे लोक स्वतःच सांगतात, विरोधकांना तुरुंगात टाकलं, कर्ज वाढवलं. पण माल साठवण्याची ताकद नसलेला विक्रेता भाव ठरवू शकत नाही, हे त्यांचं निदान अचूक होतं. कांदा चाळीत ठेवणाऱ्या नाशिकच्या शेतकऱ्याला ते वेगळं सांगायला नको.

टेमामध्ये दुसरंही एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे, अ‍ॅल्युमिनियमचा व्हाल्को कारखाना. घानात बॉक्साइट आहे, अकोसोंबो धरणाची वीज आहे. पण अमेरिकी कंपनीने स्वस्त वीज घेतली आणि कच्चा माल बाहेरून आणला. घानाचं बॉक्साइट इथे वापरलंच गेलं नाही. त्यावर वेगळं लिहिता येईल.

आता कुणी म्हणेल, आज टेमामध्ये कोकोचे कितीतरी कारखाने आहेत. आहेत. बॅरी कॅलेबॉ ही परदेशी कंपनी २००१ मध्ये आली, कारगिल ही अमेरिकी कंपनी २००८ मध्ये, करसवलतींसह. ते बिया दळतात, लगदा, बटर आणि पावडर करतात आणि जहाजात भरतात. काही लोकांना रोजगार मिळतो, ते चांगलंच. पण वडीवरचं नाव, वेष्टन, जाहिरात आणि दुकानाच्या फळीवरचा मोठा नफा समुद्रापलीकडेच राहतो. म्हणून ‘गोल्डन ट्री’ वेगळं. बियांपासून वेष्टनापर्यंत इथेच.

अलीकडची लढाईही सांगते, कारण ती अजून संपलेली नाही. जून २०१९ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टने एकत्र येऊन पुढच्या हंगामाची आगाऊ विक्री थांबवली आणि टनाला किमान २,६०० डॉलर मागितले. या दोन शेजाऱ्यांतली एक इंग्रजांची वसाहत, दुसरी फ्रेंचांची. त्यांनी एकमेकांशी स्पर्धा न करता एकत्र उभं राहणं हीच मोठी गोष्ट. त्यातून टनामागे ४०० डॉलरचा ‘लिव्हिंग इन्कम डिफरन्शियल’ ठरला, म्हणजे भावाच्या वर शेतकऱ्याच्या जगण्यासाठीची वाढीव रक्कम. कंपन्यांनी सार्वजनिकरीत्या स्वागत केलं. मग २०२० च्या अखेरीस दोन्ही देशांनी उघड आरोप केला की अमेरिकी चॉकलेट कंपनी हर्शी ही रक्कम चुकवण्यासाठी वायदेबाजारातून माल उचलते आहे, आणि तिच्या ‘शाश्वत शेती’च्या योजना आपल्या भूमीवर स्थगित केल्या. काही दिवसांतच समेट झाला. नंतर कंपन्यांनी दर्जासाठी भावाच्या वर मिळणारी वेगळी रक्कम खाली ढकलली, म्हणजे एका खिशात घातलेलं दुसऱ्या खिशातून काढलं. २०२२ मध्ये दोन्ही देशांनी ब्रसेल्सच्या कोको परिषदेवर बहिष्कार टाकला.

कंपन्यांच्या या ‘शाश्वत शेती’च्या योजनांबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचं कारण नाही. वेष्टनावर हसणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो छापणं सोपं आहे. भाव देणं अवघड आहे. २०२० च्या शिकागो विद्यापीठाच्या पाहणीनुसार या दोन देशांत कोकोच्या शेतात राबणारी मुलं १५ लाख ६० हजार होती. कंपन्यांनी बालमजुरी थांबवण्याचा करार २००१ मध्ये केला होता. बाप मजूर लावू शकत नाही म्हणून पोराच्या हातात कोयता येतो. हे भाव न बदलता प्रशिक्षण शिबिरांनी कसं थांबणार?

शेतकरी मात्र गप्प बसलेले नाहीत. ‘कुआपा कोको’ ही सहकारी संस्था १९९३ मध्ये उभी राहिली, कारण खरेदीदार वजनात मारत होते. आमच्या उसाच्या भागात याला काटामारी म्हणतात आणि ती किती झोंबते हे वजनकाट्यावर रात्र काढलेल्या माणसालाच कळतं. इथे पोतं ६२.५ किलोचं धरतात, १६ पोती झाली की टन. प्रत्येक पोत्यात दोन किलो मारले तर बाईच्या वर्षभराच्या कष्टाचं काय उरतं? कुआपा कोकोने गावातलाच माणूस निवडून काट्यावर बसवला. सदस्यांत बायका बऱ्याच आहेत आणि त्या निवडणुका लढवतात.

आणि नव्या पिढीने स्वतःची चॉकलेटं सुरू केली. अ‍ॅडिसन भगिनींनी २०१६ मध्ये ‘फिफ्टी सेव्हन चॉकलेट’ काढलं, नाव स्वातंत्र्याच्या वर्षावरून. वड्यांवर घानाची पारंपरिक अदिंक्रा चिन्हं उमटवलेली असतात. हे महागडं, निगुतीने केलेलं चॉकलेट आहे, लग्नाच्या भेटीला उत्तम. ‘फेअरआफ्रिक’चा सौरऊर्जेवरचा कारखाना २०२० पासून सुहुमजवळ अमानासे गावात, कोकोच्या बागांच्या शेजारीच आहे. त्यांचं डार्क मला चवीत ‘गोल्डन ट्री’पेक्षाही सरस वाटतं. फळांसारखा आंबटसर स्वाद जाणवतो, जो मोठ्या कारखान्यांत भाजताना जातो.

मग मी ‘गोल्डन ट्री’लाच का धरून बसले? कारण ते साध्या माणसाला परवडतं. कोको पिकवणाऱ्या घरात चॉकलेट कधी खाल्लंच नाही असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी अशान्ती प्रांतातल्या, वडिलांची कोकोची बाग. त्या सांगतात, लहानपणी गर चोखायचा आणि बी चटईवर टाकायचं, बी म्हणजे शाळेची फी. आता १४ फेब्रुवारीला त्या नातवंडांसाठी किंग्जबाइट घेऊन जातात. त्या दिवशी घानात राष्ट्रीय चॉकलेट दिवस असतो. सरकारने व्हॅलेंटाइनच्या दिवसाला आपल्या कोकोचं रूप दिलं. मला ही कल्पना मनापासून आवडते. मागणी स्वतःच्या घरात तयार झाली तरच हा कारखाना चालेल.

कारण कारखान्याची स्थिती नाजूक आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कंपनी कित्येक वर्षं तोट्यात राहिली आहे, कर्जाचा बोजा मोठा आहे. स्वतःच्याच देशाचं बी तिला जागतिक भावाच्या हिशोबाने घ्यावं लागतं, आणि २०२४ मध्ये तो भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता. शेतकऱ्याला त्या तेजीचा वाटा वेळेवर मिळाला नाही, कारण माल आधीच कमी भावात विकून झाला होता. त्यात पिकावर रोग आणि बेकायदा सोन्याच्या खाणी. या खाणींना इथे ‘गालाम्सी’ म्हणतात. परदेशी लोकांची यंत्रं आणि स्थानिक पुढाऱ्यांचं संगनमत यांनी बागा खणून काढल्या, नद्या गढूळ केल्या. त्याविरुद्ध २०२४ मध्ये आक्राच्या रस्त्यावर तरुण उतरले आणि कित्येकांना अटक झाली. परदेशी लूट एकट्याने होत नाही, दार आतून उघडणारे असतातच, हे घानाचे तरुण मोठ्याने बोलतात. त्यांचं बरोबर आहे.

उणी बाजू उपलब्धतेची. आक्राच्या एका मोठ्या मॉलमध्ये नजरेसमोरच्या फळ्यांवर युरोपचे ब्रँड होते आणि देशी चॉकलेट अगदी तळाशी, वाकून शोधावं लागलं. भारतात तर ते दुकानात मिळत नाही. एका आयात मालाच्या ऑनलाइन विक्रेत्याकडून माझ्या भावाने घानाचं चॉकलेट मागवलं तर किंमत इथल्या कितीतरी पट आणि वड्या चुरा झालेल्या.

म्हणून घानात कामाला, फिरायला किंवा बदलून येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझी शिफारस अशी. लोकांना वाटायला किंग्जबाइट घ्या, वयस्करांना ओरँको, जवळच्या माणसाला फिफ्टी सेव्हन, आणि स्वतःसाठी फेअरआफ्रिकचं डार्क. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतलंत तर भाव करत बसू नका, तो आधीच मॉलपेक्षा कमी सांगतो. तारीख मात्र बघून घ्या. वडीवर पांढुरकी झाक दिसली तर घाबरू नका, ते वर आलेलं कोको बटर आहे, बुरशी नाही. अशा वड्या किसून गरम दुधात घाला, चिमूटभर मीठ टाका, साखर लागत नाही. विमानतळावरही हे चॉकलेट मिळतं, पण तिथे महाग पडतं, तेव्हा शहरातूनच घ्या. आणि चेक-इन बॅगेत तळाशी न ठेवता कपड्यांच्या मधोमध ठेवा.